सातवा गोळा

एका तापट राजपुत्राचा घोडा त्याला पाडून पळून गेला. पायी भटकताना त्याला एक साधू भेटला. साधूने त्याला पीठ दिलं आणि एक अट सांगितली: या पिठाचे सात गोळे जी बाई करून वाढेल तिच्याशी तुझं लग्न होईल, पण सातही गोळे तू खायला हवेस. राजपुत्राला बाई भेटते तीही त्याच्याच पळालेल्या घोड्यासकट. इझाबेला तिचं नाव. शेतमजुराची पोर, अनवाणी, तोंडाला तिखट. ती गोळे करते, उकडते, वाढते. ताटात सहाच येतात. सातवा तिने स्वतःच खाल्लेला असतो, कारण तिला भूक लागलेली असते.

तिथून पुढे सगळंच बिघडत जातं. राजपुत्र मेल्याचं सोंग घेतो, घाबरलेली इझाबेला चेटकिणींकडे धाव घेते, मंत्र उलटा पडतो आणि राजपुत्र खरोखरच जागच्या जागी थिजतो. मग शिक्षा म्हणून तिला पिंपात बंद केलं जातं. शेवटाकडे सात राजकन्यांमध्ये स्वयंवर रंगतं, ते भांडी घासण्याचं. जिच्या हातून कमी भांडी फुटतील ती राणी. त्यात एक राजकन्या लबाडी करते. इझाबेला आणि राजपुत्र यांचं शेवटी जमतं, हे सांगून कुणाचा रसभंग होणार नाही. परीकथेत लग्न ठरलेलंच असतं.

'चेरा उना वोल्ता' हे या चित्रपटाचं नाव. 1967 साली आलेला, रंगीत, देखणा, हसरा इटालियन चित्रपट. आपल्याकडे आजीने 'आटपाट नगर होतं' म्हणून जिथून सुरुवात करावी, तिथलेच हे तीन इटालियन शब्द. इझाबेलाच्या भूमिकेत सोफिया लॉरेन, राजपुत्र रोद्रिगोच्या भूमिकेत ओमर शरीफ. अमेरिकेत तो 'मोअर दॅन अ मिरॅकल' या नावाने गेला. 'सिंड्रेला इटालियन स्टाइल' असंही एक नाव त्याला चिकटलं. रविवारच्या दुपारी घरच्यांसोबत बघावा असा ऐवज. श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचं नाव येईपर्यंत तरी असंच वाटतं.

दिग्दर्शक आहे फ्रान्चेस्को रोझी.

चौकशी करणारा माणूस

युरोपातल्या राजकीय सिनेमाच्या कुठल्याही यादीत रोझीचं नाव वरच असतं. 'साल्वातोरे जुलियानो' (1962) या चित्रपटात त्याने 1950 मध्ये मारल्या गेलेल्या सिसिलीतल्या दरोडेखोराची गोष्ट सांगितली. त्यात दरोडेखोराचा चेहरा जवळपास दिसतच नाही. दिसतात ते पोलीस, माफिया, जमीनदार आणि पुढारी यांच्यातले व्यवहार. बर्लिनच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षीच्या 'ले मानी सुल्ला चित्ता'मध्ये नेपल्सच्या गल्लीतली एक जुनी इमारत कोसळते, आणि चौकशीचा धागा बिल्डर-नगरसेवकाच्या खुर्चीपर्यंत जातो. व्हेनिसला त्याला सर्वोच्च 'सुवर्ण सिंह' मिळाला. पात्रं काल्पनिक आहेत, पण ज्या परिस्थितीने ती घडवली ती खरी आहे, अशा अर्थाची पाटी त्या चित्रपटाच्या अखेरीस येते.

अशा माणसाने उडते साधू आणि चेटकिणी घेऊन प्रेमकथा करावी, हे अनेकांना विचित्र वाटलं. आजही रोझीवर लिहिणारे बरेच जण हा चित्रपट दोन-चार ओळींत उरकतात. निर्माता कार्लो पोंती, नायिका त्याचीच बायको, पाठीशी अमेरिकन कंपनी एमजीएम. म्हणजे हा पैशाचा मामला, रोझीच्या कामातला एक आडवाटेचा मुक्काम, असा हिशेब मांडला जातो. तो अगदीच खोटाही नाही. ओमर शरीफ तेव्हा 'डॉक्टर झिवागो'च्या (1965) यशावर स्वार होता, आणि त्या चित्रपटाचा निर्माताही पोंतीच होता. लॉरेन आणि शरीफ याआधी 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर'मध्ये (1964) एकत्र दिसले होते. जोडी तयार होती, बाजारही तयार होता.

पण चित्रपट नीट पाहिला तर रोझीने आपली चौकशी थांबवलेली दिसत नाही. भुकेली मुलगी गोळा खाते म्हणून कथा सुरू राहते. राणीपद ठरतं ते भांडी घासण्यावरून. राजा स्पेनमध्ये बसून इटलीतल्या माणसाचं लग्न ठरवतो. इथली जादू राजवाड्याच्या झुंबरातून खाली उतरत नाही. ती चुलीपाशी, पिठाच्या पोत्यापाशी, मोरीपाशी घडते. सिसिली आणि नेपल्स यांच्या दारिद्र्याचा हिशेब मांडणाऱ्या दिग्दर्शकाने त्याच दारिद्र्याने शेकडो वर्षं रचलेल्या गोष्टींना हात घातला होता.

पन्नास गोष्टींचा नेपल्सकर

या चित्रपटामागे एक जुनं पुस्तक उभं आहे. जाम्बात्तिस्ता बासिले हा नेपल्सजवळच्या जुल्यानो गावचा. शिपाई म्हणून तो व्हेनिसच्या बाजूने क्रीटपर्यंत जाऊन आला, नंतर दरबारी कवी आणि छोट्या गावांचा प्रशासक झाला. 1632 मध्ये तो वारला. त्याची बहीण आद्रियाना ही त्या काळातली नावाजलेली गायिका; भावाच्या मागे तिच्याच पुढाकाराने त्याचं हस्तलिखित छापखान्यात गेलं. 'लो कुंतो दे ली कुंती', म्हणजे गोष्टींची गोष्ट, 1634 ते 1636 या काळात प्रसिद्ध झाली. पाच दिवस, रोज दहा गोष्टी, सांगणाऱ्या दहा म्हाताऱ्या. एक लंगडी, एक कुबडी, एक नाकाड. पाच दिवसांच्या या रचनेमुळे पुस्तकाला 'पेंतामेरोने' असंही म्हणतात.

सिंड्रेलाची गोष्ट युरोपात पहिल्यांदा सविस्तर छापली गेली ती इथे, फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या आवृत्तीआधी साठेक वर्षं. झोपलेल्या राजकन्येची गोष्टही इथे आहे. पण बासिलेची सिंड्रेला गरीब गाय नव्हे. झेझोल्ला तिचं नाव. ती आपल्या पहिल्या सावत्र आईची मान पेटीच्या झाकणाखाली चेंगरून तिला ठार करते, आणि तरीही गोष्टीची नायिका राहते. भाषा नेपल्सच्या बाजाराची, शिव्यांनी आणि उपमांनी खच्चून भरलेली. इतर इटालियन वाचकालाही ती सहज झेपत नसे. बेनेदेत्तो क्रोचे या तत्त्वज्ञाने 1925 मध्ये या पुस्तकाचं प्रमाण इटालियनमध्ये भाषांतर केलं, तेव्हा कुठे ते देशभर वाचलं जाऊ लागलं.

रोझीचा चित्रपट या पुस्तकातली कुठली एकच गोष्ट घेऊन चालत नाही. तो त्या पुस्तकाची हवा घेतो. तरी एका गोष्टीची आठवण राहून राहून होते. चौथ्या दिवशीच्या त्या गोष्टीत एक गरीब म्हातारी दारोदार मागून डुकराच्या चरबीच्या सात साली आणते आणि शिजवायला मुलीपाशी ठेवून जाते. वासाने मुलीला राहवत नाही आणि ती सगळ्या फस्त करते. आई तिला बदडत असते तेवढ्यात एक व्यापारी तिथून जातो. लाज झाकायला आई थाप मारते, की पोरगी फार कामसू आहे, जिवाकडे न बघता सूत कातत बसते म्हणून मारते आहे. व्यापारी भुलतो आणि लग्न करून तिला घेऊन जातो. सात हा आकडा, भुकेने मोडलेला नियम, आणि त्या अपराधातूनच जुळलेलं लग्न: हे सगळं इझाबेलाच्या ताटातही आहे.

बासिले जगला त्या काळात नेपल्सवर स्पेनचा व्हाइसरॉय राज्य करत होता. 1503 पासून दोनशे वर्षं हा कारभार चालला. 1580 ते 1640 या साठ वर्षांत पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्याच राजाच्या डोक्यावर होता, त्यामुळे बासिले गोष्टी लिहीत होता तेव्हा नेपल्सचा कोळी आणि जुन्या गोव्यातला बाजारकरी एकाच राजाची प्रजा होते. फळांवर कर बसला म्हणून 7 जुलै 1647 रोजी नेपल्सच्या बाजारात दंगल उसळली, आणि मासानिएल्लो नावाचा तरुण मासेविक्या जेमतेम दहा दिवस शहराचा धनी झाला. मग त्याचा खून झाला. रोझीचा राजपुत्र स्पॅनिश आहे आणि इझाबेला इथली रयत आहे, ही बाब म्हणूनच निव्वळ सजावटीची नाही. राजपुत्र तिच्याकडे जेवण मागतो तो हुकूम म्हणून. प्रेम नंतर येतं.

उडणारा साधू

कथेतला उडणारा साधू मात्र कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही. कोपेर्तिनोचा जुझेप्पे, म्हणजेच संत जोसेफ, हा 1603 ते 1663 या काळात होऊन गेलेला फ्रान्सिस्कन साधू. बाप कर्जबाजारी, घर जप्तीत, आईने गोठ्यात त्याला जन्म दिला अशी कथा. लहानपणी तो आ वासून कुठेतरी बघत बसायचा, म्हणून पोरांनी त्याला 'बोक्कापेर्ता', उघड्या तोंडाचा, असं नाव ठेवलं. अभ्यासात यथातथाच. परंपरा असं सांगते की पाद्री होण्याच्या परीक्षेत त्याला नेमका तोच उतारा विचारला गेला जो त्याला येत होता. आणि पुढच्या परीक्षेत आधीच्या मुलांची उत्तरं इतकी चांगली निघाली, की बिशपने उरलेल्यांना न विचारताच पास केलं.

प्रार्थनेच्या भरात हा माणूस जमिनीपासून वर उचलला जातो अशी बोलवा झाली. लोक जमू लागले, तसं चर्च अस्वस्थ झालं. 1638 मध्ये त्याला नेपल्सला चर्चच्या न्यायासनापुढे उभं केलं गेलं. तिथून तो सुटला, पण उरलेलं आयुष्य त्याला गर्दीपासून दूर, या मठातून त्या मठात हलवत ठेवण्यात आलं. 1767 मध्ये त्याला संतपद मिळालं; चित्रपट आला तो त्याच्या दोनशेव्या वर्षी. परीक्षार्थी आणि वैमानिक या दोघांचाही तो रक्षणकर्ता मानला जातो. कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो शहराचं नावही त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओढ्यावरून पडलं. 1776 साली तिथून गेलेल्या स्पॅनिश मोहिमेने ते दिलं होतं. संगणकाच्या नोकरीसाठी तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या पत्त्यावर हा परीक्षा कशीबशी पास झालेला साधू रोज छापला जातो.

रोझीने या भूमिकेसाठी निवडलेला नटही मजेचा. लेस्ली फ्रेंच हा लंडनच्या रंगभूमीवरचा शेक्सपिअरचा नट. 'टेम्पेस्ट'मधल्या एरिअल या उडत्या, वाऱ्यासारख्या पात्रासाठी तो इतका ओळखला जाई, की एरिक गिल या शिल्पकाराने बीबीसीच्या लंडनमधल्या इमारतीच्या दर्शनी भागावर एरिअल कोरला तेव्हा त्यासाठी फ्रेंचच समोर उभा राहिला होता. त्यानंतर तीसेक वर्षांनी, साठी उलटल्यावर, तो दक्षिण इटलीत साधूच्या झग्यात पुन्हा हवेत उडाला.

बाकी नटसंच पाहिला तर दिवाणखान्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरल्यासारखी दिसते. राजपुत्राची आई झालेली दोलोरेस देल रियो मेक्सिकोची. 1930 च्या दशकात हॉलिवूड गाजवलेली आणि नंतर मायदेशी परतून 'मारिया कांदेलारिया'सारखा चित्रपट केलेली. राजवाड्याचा मुदपाकी म्हणजे फ्रान्सचा जॉर्ज विल्सन, जो तेव्हा पॅरिसचं राष्ट्रीय लोकनाट्यगृह चालवत होता. सातही राजकन्यांना नावाऐवजी एकेक खोड चिकटवलेली: एक हावरी, एक गर्विष्ठ, एक भाबडी अंधश्रद्ध, एक उतावळी, एक देवभोळी, एक नट्टापट्टावाली आणि एक तर अजून दुधपिती.

एकाच शाळेतली पोरं

पटकथेवर चार नावं आहेत: तोनिनो गुएर्रा, राफाएले ला काप्रिया, ज्युसेप्पे पात्रोनी ग्रिफ्फी आणि स्वतः रोझी. यांतला गुएर्रा उत्तरेकडच्या रोमान्या प्रांतातला, बोलीभाषेत कविता करणारा. अंतोनिओनीच्या गंभीर चित्रपटांचा तो लेखक होता आणि पुढे फेलिनीच्या 'आमारकोर्द'चाही झाला. उरलेले तिघे नेपल्सचे, जवळपास एकाच वयाचे, उम्बेर्तो शाळेच्या परिसरात एकत्र वाढलेले. ला काप्रियाला 'फेरीतो आ मोर्ते' या कादंबरीसाठी 1961 चं स्त्रेगा पारितोषिक मिळालं होतं, आणि 'ले मानी सुल्ला चित्ता'ची पटकथाही त्याने रोझीबरोबर लिहिली होती. पात्रोनी ग्रिफ्फी नाटककार. याच मित्रमंडळातला आणखी एक मुलगा, जॉर्जो नापोलितानो, पुढे 2006 मध्ये इटलीचा राष्ट्राध्यक्ष झाला.

बिल्डरांनी नेपल्स कसं गिळलं हे सांगणारी लेखणी आणि चेटकिणीच्या झोपडीत इझाबेलाला नेणारी लेखणी एकच, हे या यादीवरून कळतं. या मंडळींना नेपल्सचा राग होता आणि नेपल्सचा लळाही होता. दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात मावत नव्हत्या, म्हणून त्यांनी दोन केले.

कॅमेऱ्यामागे पास्क्वालिनो दे सांतिस होता. रोझीचा आधीचा छायाचित्रकार जान्नी दी व्हेनांझो 1966 च्या फेब्रुवारीत अकाली गेला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या दे सांतिसकडे सूत्रं आली आणि पुढे कित्येक वर्षं रोझीचे चित्रपट त्यानेच टिपले. 1968 च्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'साठी त्याला ऑस्कर मिळालं. संगीत पिएरो पिच्चोनीचं. रोझीच्या कठोर चित्रपटांना धारदार संगीत देणाऱ्या या माणसाने इथे लोकगीताच्या अंगाने जाणारी गोड चाल बांधली.

पोत्सुओलीची काडी

तरीही चित्रपट उचलते ती सोफिया लॉरेन. 1934 साली रोममध्ये जन्मलेली ही मुलगी वाढली नेपल्सच्या उपसागरावरच्या पोत्सुओली गावात, आजोळी. आई अविवाहित, वडिलांनी पाठ फिरवलेली. महायुद्धात बंदरामुळे पोत्सुओलीवर सतत बॉम्ब पडत. रात्री आसरा रेल्वेच्या बोगद्यात, दिवसा पावाची चणचण. पोरगी इतकी किडकिडीत होती, की शाळेत तिला काडी म्हणून चिडवत. इझाबेला सातवा गोळा खाते तेव्हा लॉरेनच्या चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नसतो. खाणं समोर असताना न खाण्याचा प्रश्न तिच्या डोक्यातच येत नाही, हे तिच्या डोळ्यांत सरळ दिसतं.

नेपल्स आणि अन्न हे लॉरेनच्या कारकिर्दीतलं जुनं नातं. 'लोरो दी नापोली'मध्ये (1954) ती गल्लीत पिझ्झा तळून विकणारी बाई होती, आणि त्याच भूमिकेने देशाने तिला खऱ्या अर्थाने ओळखलं. 'ला चोचारा'साठी 1962 मध्ये तिला ऑस्कर मिळालं, इंग्रजी सोडून अन्य भाषेतल्या भूमिकेसाठी मिळालेलं पहिलंच. त्यानंतर दिग्दर्शक दे सिका आणि नट मास्त्रोयान्नी यांच्यासोबत 'इएरी, ओज्जी, दोमानी' (1963) आणि 'मात्रिमोनियो आलितालियाना' (1964) आले. पुढे पहिल्या मुलाच्या वेळी जिनिव्हात महिनोन् महिने सक्तीच्या विश्रांतीत काढताना तिने पाककृती लिहायला घेतल्या, आणि 1971 मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

लग्नाच्या गोष्टीबाबतही तिचं आयुष्य परीकथेपेक्षा कोर्टकज्ज्याच्या जवळ होतं. कार्लो पोंतीचं आधी लग्न झालेलं होतं आणि इटलीत घटस्फोटाचा कायदा नव्हता. 1957 मध्ये दोघांनी मेक्सिकोत वकिलांमार्फत लग्न उरकलं, तर इटलीत पोंतीवर द्विभार्येचा आरोप आला. ते लग्न रद्द करावं लागलं. शेवटी फ्रान्सचं नागरिकत्व घेऊन 1966 च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ सेव्हर इथे त्यांचं कायदेशीर लग्न झालं. इटलीत घटस्फोटाचा कायदा आला तो 1970 च्या डिसेंबरमध्ये. राजाच्या हुकुमाने ठरलेलं लग्न मोडून मनासारखं लग्न करणाऱ्या जोडप्याचा हा चित्रपट पोंती दांपत्याने त्या कायदेशीर लग्नाच्या पुढच्याच वर्षी पडद्यावर आणला.

शरीफचं काम तिच्या तुलनेत अवघड. रोद्रिगो चिडखोर, हट्टी, बायकांपेक्षा घोड्यांत रमणारा. 'झिवागो'मधला पाणीदार डोळ्यांचा कवी बघायला आलेल्यांना इथे मेल्याचं सोंग घेऊन पडणारा, थिजलेला, ओरडणारा माणूस भेटतो. त्याची विनोदाची जाण लॉरेनएवढी चपळ नाही, हे मान्य करावंच लागतं. मधला भागही रेंगाळतो. एक अडचण संपते न संपते तोच दुसरी येते आणि दोघांमधली ओढ कधीकधी हरवते.

दगडाची गावं, मठाची चूल

चित्रपटाचं बाह्यचित्रण झालं ते दक्षिण इटलीत, मातेरा आणि पादुला या ठिकाणांच्या परिसरात. मातेरातल्या 'सास्सी' म्हणजे डोंगराच्या कड्यात कोरलेल्या गुहाघरांच्या वस्त्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे हजारो माणसं जनावरांसकट एकाच खोलीत राहत. कार्लो लेव्हीच्या पुस्तकाने 1945 मध्ये हे चित्र देशापुढे आणलं. पुढाऱ्यांनी त्याला राष्ट्रीय लाज म्हटलं, आणि 1952 च्या कायद्याने लोकांना नव्या वसाहतींत हलवायला सुरुवात झाली. रोझी तिथे पोचला तेव्हा गुहा रिकाम्या होत चालल्या होत्या. तीनच वर्षांपूर्वी पाझोलिनीने ख्रिस्ताची गोष्ट तिथे चित्रित केली होती. 1993 मध्ये हाच भाग जागतिक वारसा ठरला आणि 2019 मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. आता त्याच गुहांत महागडी हॉटेलं आहेत.

पादुलाचा मठ त्याच्या अगदी उलट. 1306 मध्ये बांधायला घेतलेला हा मठ तीनशेच्या वर खोल्यांचा आहे आणि त्याचा मोठा चौक युरोपातल्या सर्वांत मोठ्या चौकांत मोडतो. त्याचं स्वयंपाकघर तर बघण्यासारखंच: भलंमोठं धुराडं, रंगीत फरशा, दगडी मेजं. 1535 मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स ट्युनिसची मोहीम संपवून इथून गेला, तेव्हा मठातल्या साधूंनी त्याच्यासाठी हजार अंड्यांचं ऑम्लेट केलं अशी दंतकथा आहे, आणि गावकरी अजून दर ऑगस्टमध्ये तसं ऑम्लेट करतात. दोन्ही महायुद्धांत याच मठात युद्धकैदी ठेवले गेले. एका बाजूला भुकेची गुहा, दुसऱ्या बाजूला हजार अंड्यांची चूल, आणि या दोहोंमध्ये ये-जा करणारी इझाबेला.

चेटकिणीही हवेतून आलेल्या नाहीत. मातेरा ज्या लुकानिया प्रांतात येतं, तिथे 1950 च्या दशकात एर्नेस्तो दे मार्तिनो हा नेपल्सचाच मानवशास्त्रज्ञ संगीत-अभ्यासक आणि छायाचित्रकार सोबत घेऊन गावोगाव फिरला होता. 1959 मध्ये त्याचं 'सूद ए माजीया' हे पुस्तक आलं. दृष्ट, करणी, वशीकरण, उतारे यांची त्याने नोंद केली आणि त्यांना अडाणीपणा म्हणून उडवून न लावता एक प्रश्न विचारला: ज्या शेतकऱ्याच्या हातात पीक नाही, दवाखाना नाही, कायदा नाही, त्याला हे मंत्र काय देतात? लुकानियातल्या बायका दृष्ट लागणं म्हणजे बांधलं जाणं असं समजत. आपल्यावर आपला ताबा उरला नाही, ही भावना. उलट्या मंत्राने रोद्रिगो थिजतो ते दृश्य विनोदी आहे, पण त्यात बांधला जातो तो शेतकरी नसून जमिनीचा मालक, हा फिरवलेला डाव लक्षात येण्यासारखा आहे.

झाडू, भुतं आणि डोक्यातली माणसं

इटलीच्या हलक्याफुलक्या सिनेमात अद्भुताला असं पोटापाण्याच्या प्रश्नाशी जोडण्याची वाट रोझीच्या आधीच पडली होती. दे सिकाच्या 'मिराकोलो आ मिलानो'मध्ये (1951) झोपडपट्टीच्या जमिनीवर श्रीमंतांचा डोळा असतो, आणि शेवटी झोपडीवासी मिलानच्या कॅथेड्रलसमोरून झाडूंवर बसून उडून जातात. कानला त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. जानेवारी 1952 मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा 'बायसिकल थीव्ज' आणि 'रोम, ओपन सिटी' यांच्यासोबत हा चित्रपटही दाखवला गेला. त्या महोत्सवाचा परिणाम म्हणून बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'चा (1953) उल्लेख नेहमी होतो. आपल्याकडच्या दिग्दर्शकांनी सायकल उचलली. झाडू मात्र तिथेच राहिले.

पिएत्रांजेलीच्या 'फांतास्मी आ रोमा'त (1961) जुन्या वाड्यातली भुतं एकत्र येऊन तो वाडा बिल्डरच्या घशात जाण्यापासून वाचवतात. 'मिया मोलये ए उना स्त्रेगा' (1980) या चित्रपटात सतराव्या शतकात रोममध्ये जाळलेली चेटकीण परत येते, ती सूड घ्यायला. आणि ज्याच्यावर सूड घ्यायचा त्या शेअर दलालाच्याच प्रेमात पडते. 2025 च्या 'फोल्लेमेन्ते'त पाओलो जेनोवेझेने अद्भुत आणखी घरात आणलं: पहिल्याच भेटीला आलेल्या दोघांच्या डोक्यात चार-चार माणसं बसलेली आहेत आणि प्रत्येक वाक्याआधी ती आपसांत भांडतात. इथे जमीन नाही, बिल्डर नाही, भूकही नाही. आहे ती फक्त जेवायला बोलावलेल्या पाहुण्यापुढची घालमेल.

परत त्याच मुलखात

रोझी पुढे आपल्या ओळखीच्या वाटेवर परतला. 'इल कासो मात्तेई'ला 1972 मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं. पण दक्षिणेच्या त्या दगडी मुलखाने त्याला सोडलं नाही. कार्लो लेव्हीच्या त्याच पुस्तकावर त्याने 1979 मध्ये 'क्रिस्तो सी ए फेर्मातो आ एबोली' केला. लेव्हीच्या घरी काम करणारी जुलिया ही गावात चेटकीण मानली जाई. ती भूमिका इरीन पापासने केली. हीसुद्धा चेटकीणच, फक्त या वेळी तिला मंत्राइतकंच महत्त्व तिच्या कामाच्या हातांना होतं.

बासिलेच्या गोष्टींनाही नवे वारस मिळत गेले. रोबेर्तो दे सिमोनेने 1976 मध्ये 'ला गात्ता चेनेरेंतोला' हे संगीतनाट्य स्पोलेतोच्या महोत्सवात उभं केलं. त्यात सिंड्रेलाच्या राजवाड्याच्या बरोबरीने नेपल्सच्या धोबिणींचा कोरस गाजला. 10 जानेवारी 2015 रोजी रोझी वारला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मात्तेओ गार्रोनेचा 'इल राक्कोंतो देई राक्कोंती' कानला दाखवला गेला. बासिलेच्या तीन गोष्टी, भाषा इंग्रजी, आणि पुन्हा एकदा नाना देशांचे नट. गार्रोनेही 'गोमोर्रा'मधून (2008) नेपल्सच्या गुन्हेगारी टोळ्यांचा पंचनामा करूनच परीकथेकडे आला होता.

मग 2017 मध्ये, रोझीच्या चित्रपटाला पन्नास वर्षं होत असताना, नेपल्सच्याच एका स्टुडिओतून 'गात्ता चेनेरेंतोला' हा अ‍ॅनिमेशनपट आला. आलेस्सांद्रो राक आणि त्याच्या तीन साथीदारांनी तो दिग्दर्शित केला आणि व्हेनिसला तो दाखवला गेला. इथली सिंड्रेला, मिया, बोलत नाही. तिचा बाप, वित्तोरिओ बासिले नावाचा शास्त्रज्ञ-जहाजमालक, नेपल्सचं मोडकळीला आलेलं बंदर पुन्हा उभारायला निघालेला असतो आणि लग्नाच्या दिवशीच मारला जातो. बंदरात अडकलेल्या जहाजात त्याने बसवलेलं यंत्र गेलेल्या माणसांच्या सावल्या भुतांसारख्या फिरवत राहतं. राजपुत्राच्या जागी आहे मादक पदार्थांचा व्यापारी, आणि त्याला हवी आहे ती बंदराची मालकी. रोझीने 1963 आणि 1967 मध्ये जे दोन वेगळे चित्रपट केले, एक जमीन गिळणाऱ्यांचा आणि दुसरा राखेतल्या पोरीचा, ते या चौघांनी एकाच जहाजावर चढवले.